‘काहीपण चालेल’ म्हणालास की संपलं

लांजा तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय, ते थोडक्यात असं: “काका, मी २०२३ साली बी.एस्सी. केमिस्ट्री झालो, ५८ टक्के. तेव्हापासून घरीच आहे. नोकरीच्या साइट्सवर दोनशेच्या वर अर्ज टाकले. दोनच फोन आले, दोन्ही पैसे मागणारे. मामा नालासोपाऱ्याला असतात, ते म्हणतात इकडे ये, काहीतरी मिळेल. गावातला एक जण बोटीवर लावतो म्हणतोय, अडीच लाख सांगतो. बाबा काजूची बाग गहाण टाकायला तयार आहेत. मला काहीपण काम चालेल. काय करू?”

आधी बाबांना सांग, बाग गहाण टाकायची नाही. बाकीचं सावकाश बोलू.

मी लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात सव्वीस वर्षं काढली. पर्सोनेलला आता एचआर म्हणतात. काम तेच, खुर्च्या तेवढ्या बदलल्या. आता चिपळुणात घरी बसून पोरांचे बायोडाटे दुरुस्त करून देतो. पैसे घेत नाही, चहा मात्र त्यांनी पाजायचा. तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मी या सव्वीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकू आलं की पुढचं मला माहीत असतं. “काहीपण चालेल.” तुला वाटतं, असं म्हटल्याने दारं जास्त उघडतील. टेबलाच्या माझ्या बाजूने ते कसं दिसतं, ते सांगतो.

कारखान्यात जागा निघते ती अशी. क्यूसीतला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या खात्यातला, एक मुलगा जास्त पगारावर वापी-अंकलेश्वरला निघाला. नोटीस तीस दिवसांची, त्यातले दहा दिवस राजीनामा वर-खाली फिरण्यात गेले. क्यूसी मॅनेजरचा फोन येतो, “वेट लॅबला माणूस द्या, टायट्रेशन येणारा, एक तारखेला हजर होणारा.” (वेट लॅब म्हणजे जिथे द्रावणं हाताने तपासतात ती; टायट्रेशन म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्याची तीव्रता काढणं.) माझ्यासमोर शंभर बायोडाटे पडलेत आणि नव्वदांवर लिहिलंय, ‘एनी सुटेबल पोस्ट’. मी कुणाला फोन करीन? ज्याच्यावर ‘क्यूसी केमिस्ट, वेट ॲनालिसिस’ लिहिलंय त्याला. तो हुशार आहे म्हणून नव्हे, त्याला शोधायला मला कष्ट पडले नाहीत म्हणून.

ओळखीच्या माणसाचंही तसंच. गणपतीत चाकरमानी येतात. गौरी गेल्या की पडवीत चहा होतो आणि प्रत्येक घरातली आई म्हणते, “आमच्या बाळ्याला कुठंतरी चिकटवा हो.” तो म्हणतो, “बघतो.” खोटं नसतं ते. पण परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळेपर्यंत तो विसरलेला असतो, कारण लक्षात ठेवण्यासारखं तुम्ही त्याला काही दिलेलंच नसतं. यंदा असं विचार: “दादा, तुमच्या ओळखीत तारापूर, महाड, लोटे, कुठल्याही केमिकल कंपनीच्या क्यूसीत कुणी आहे का? नोकरी नको, नुसता नंबर द्या, मी बोलतो.” नोकरी देणं त्याच्या हातात नाही, नंबर देणं आहे. त्या नंबरावर जो भेटेल त्यालाही नोकरी मागू नकोस. तुमच्याकडे फ्रेशर कधी घेतात, इंटरव्ह्यू कोण घेतो, काय विचारतात, एवढंच विचार. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल, तिथेही हेच, दोन ओळींत. सतरा फॉरवर्डांच्या मध्ये ‘नोकरी हवी आहे’ कुणी वाचत नाही. ‘बी.एस्सी. केमिस्ट्री, क्यूसी किंवा ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाला) काम हवं’ हे मात्र ज्याला कळतं तो थांबून वाचतो.

तर ‘काहीपण’चं रूपांतर आधी तीन नावांत कर. बी.एस्सी. केमिस्ट्रीला कारखान्यात तीन दरवाजे. क्यूसी सगळ्यांना हवं असतं, कारण एसी असतो. प्रॉडक्शनला शिफ्ट, वास, जिने आणि रिॲक्टर, पण माणसं जास्त लागतात आणि पुढे पगारही तिथेच वाढतो. तिसरा ईटीपी. तिथे कुणी स्वतःहून येत नाही, घाण वाटते. माझं मत विचारशील तर ५८ टक्केवाल्याने पहिली कडी तिथलीच वाजवावी. सीओडीचं दोन तासांचं रिफ्लक्स, २७ अंशांवर तीन दिवसांचं बीओडी, पीएच, टीएसएस या सांडपाण्याच्या तपासण्या मनापासून करणारा मुलगा वर्षभरात कुठल्याही कारखान्याला हवासा होतो, कारण प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस गेटवर आला की मालकाला सगळ्यात आधी त्याचीच आठवण येते.

जागा म्हणशील तर लोटे परशुराम, चिपळूणजवळ खेर्डी, महाड, रोह्याचं धाटाव, तळोजा, वर तारापूर, आणि खाली गोव्यात वेर्ण्याला औषधांचे कारखाने. रत्नागिरी तुला सगळ्यात जवळ. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, निर्यातीचा माल म्हटल्यावर तपासणी आलीच. गोळपला फिनोलेक्स, जयगडला जिंदलचा वीजप्रकल्प. वीजप्रकल्पात बॉयलरचं पाणी सतत तपासावं लागतं आणि त्याला केमिस्ट लागतो, हे आपल्याकडच्या निम्म्या बी.एस्सी.वाल्यांना ठाऊकच नसतं. या सगळ्यांची एक वही कर. कंपनीचं नाव, काय बनवते, कुणाशी बोललो, कधी, काय म्हणाले. दोनशे अर्ज कुठे कुठे टाकलेस हे आज तुला आठवतंय का? नाही ना. वहीत चाळीस नावं पुरतात.

साइटवरचे अर्ज बंद कर असं नाही म्हणत. पण आपल्याकडचे मध्यम आणि लहान कारखाने फ्रेशरसाठी जाहिरात देतच नाहीत. सोमवार-मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला स्वच्छ कपड्यांत गेटवर जा. सिक्युरिटीवाल्याला नमस्कार कर आणि “क्यूसीसाठी बायोडाटा द्यायचा होता, टाइम ऑफिसला देऊ का” असं नीट विचार. बहुतेकदा तो ठेवून घेईल, कधी आत फोन लावेल. त्या माणसाशी उद्धट वागलेली पोरं आम्हाला आत बसून कळायची. आणि वेळ साध: दिवाळीचा बोनस झाला आणि एप्रिलची पगारवाढ हातात पडली की माणसं कंपन्या बदलतात. म्हणून डिसेंबर आणि मे-जून हे आमचे धावपळीचे महिने असायचे. नेमके मे महिन्यात आपले पोरगे आंब्यात किंवा लग्नात.

आता बायोडाटा. एक पान. वर ‘क्यूसी / ईटीपी केमिस्ट (फ्रेशर)’ असं लिही. मग शिक्षण, मग प्रॅक्टिकलला स्वतःच्या हाताने काय काय केलंस ते. ॲसिड-बेस टायट्रेशन, पीएच मीटर, कलरीमीटर, जे खरंच केलंय तेवढंच. एचपीएलसीचं तपासणी-यंत्र कॉलेजात लांबून पाहिलं असेल तर लिहू नकोस, पहिल्या प्रश्नाला उघडं पडतं. जात, धर्म, उंची, वर्ण यातलं काही नको. माझ्याकडे एकदा एक बायोडाटा आला होता त्यात रास, नाडी आणि ‘मामकुळ’ होतं. पोराने लग्नाचीच फाइल उघडून नोकरीला पाठवली होती. त्याला मी बोलावलं, नुसतं बघायला म्हणून. चांगला निघाला. पण सगळे मॅनेजर माझ्यासारखे रिकामटेकडे नसतात. फाइलला तुझं नाव आणि ‘क्यूसी’ एवढंच नाव दे. ‘न्यू फायनल टू’ नको.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे फोन. तुमच्या वाडीत रेंज कुठे येते? गडग्यावर चढून, की शाळेच्या मागे? एचआरची मुलगी एका बैठकीत वीस फोन लावते. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकलं की रेघ मारते आणि पुढचा नंबर. तिला पुन्हा लावायला वेळ नसतो. तेव्हा बायोडाट्यावर दुसरा नंबर हवाच. लांज्याच्या बाजारपेठेत दुकान असलेला मित्र, रत्नागिरीची आत्या, कुणीही, पण त्यांना आधी सांगून ठेव. आणि कामाच्या दिवशी दहा ते एक रेंजमध्ये बस. दोनशे अर्जांना दोनच फोन आले म्हणतोस. काही आले आणि तुझ्यापर्यंत पोचलेच नाहीत, असंही असेल.

इंटरव्ह्यूची गोष्ट सांगतो. आमच्याकडे क्यूसीचे एक साहेब होते, ते प्रत्येक फ्रेशरला पहिला प्रश्न एकच विचारायचे: “ब्युरेट कशाने धुतोस?” एका दिवशी दोन मुलं बसली होती. पहिल्याला ७२ टक्के. तो म्हणाला, “डिस्टिल्ड वॉटरने.” साहेब गप्प. दुसरा गुहागरकडचा, ५४ टक्के, इंग्रजी यथातथा. त्याने विचारलं, “सर, मराठीत सांगू का?” मग म्हणाला, “आधी पाण्याने, मग जे सोल्यूशन भरायचं त्यानेच दोनदा. नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने ते पातळ होतं.” साहेबांनी विचारलं, “आणि कोनिकल फ्लास्क?” तो म्हणाला, “तो नुसत्या पाण्याने. त्यात सॅम्पलचे थेंब राहिले तर मोजलेल्यापेक्षा जास्त जाईल, रीडिंग वाढेल.” साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पुढचे प्रश्न नुसते रीतीपुरते. टक्के कुणी पुन्हा पाहिलेही नाहीत.

म्हणून तुझी तयारी पुस्तकापेक्षा बेसिनपाशी व्हायला हवी. कॉलेजच्या लॅब असिस्टंटला भेट. सरांपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल. दोन दिवस लॅबमध्ये येऊ द्या म्हणावं. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड कसं बनवशील? तीव्र ॲसिड साधारण साडेआठ मिली, एक लिटरपर्यंत. पाण्यात ॲसिड, उलट कधीच नाही. मग सोडियम कार्बोनेटने स्टँडर्डाइज. का करावं लागतं? कारण बाटलीतल्या ॲसिडची तीव्रता नेमकी नसते. हा ‘का’ सांगता आला पाहिजे. पीएच मीटर कुठल्या बफरने कॅलिब्रेट करतात, नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीत फरक काय, अंगावर ॲसिड उडालं तर आधी काय करशील, एमएसडीएस म्हणजे काय. एवढ्यावर फ्रेशरचा इंटरव्ह्यू संपतो. जाण्याआधी ती कंपनी काय बनवते ते मात्र वाचून जा. “आमच्याकडे काय बनतं?” यावर “केमिकल” असं उत्तर देणारे मी मोजायचं सोडून दिलं होतं.

मराठीत उत्तर दिलं म्हणून लोट्यात कुणी हाकलत नाही. पण एसओपी (कामाची लिखित पद्धत) आणि रजिस्टर इंग्रजीत असतं. तेव्हा “मराठीत सांगतो, लिहितो इंग्रजीत” असं म्हण, आणि खरंच लिहिता येऊ दे.

दोन वर्षांच्या गॅपची तुला लाज वाटतेय, ते तुझ्या लिहिण्यात दिसतं. “घरीच होतो” म्हणालास तर प्रश्न पडणारच. पण तू घरी काय करत होतास? काजू आहे म्हणतोस, आजूबाजूला हापूसही असणार. फवारणीला पंपात किती लिटरला किती मिली घालायचं ते कोण काढायचं? हापूसला मोहोरासाठी कल्टार घालताना झाडाच्या पसाऱ्याचा व्यास मोजून हिशोब कुणी केला? तू केला असशील तर ते डायल्यूशनचं गणितच आहे, आणि कीटकनाशक बनवणाऱ्या कंपनीत तर ते ऐकून साहेब खुर्चीत पुढे सरकेल. केलं नसशील तर थापा मारू नकोस. “नोकरी शोधत होतो, बाबांना बागेत मदत करत होतो” हेही पुरे. एका वाक्यात सांग आणि थांब. गॅपबद्दल जो पाच मिनिटं बोलतो त्याच्यावर शंका येते.

पक्की नोकरी लगेच मिळत नसेल तर अप्रेंटिस म्हणून शिर. तुला वाटतं अप्रेंटिस म्हणजे आयटीआयवाले. १९६१ च्या कायद्यात २०१४ ला बदल झाला, आता बी.एस्सी.वालाही चालतो. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे तू दारात उपकार मागत उभा नाहीस, त्यांनाही आकडा भरायचा असतो. सरकारी पोर्टलवर नोंदणी कर आणि गेटवर बायोडाटा देताना “अप्रेंटिस म्हणूनही तयार आहे” असं सांग. विद्यावेतन थोडं असतं, वर्ष कठीण जातं, पण अनुभवाचा दाखला हातात येतो. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या एचपीएलसीच्या क्लासला चाळीस हजार भरण्यापेक्षा हे बरं.

मामांकडे जायचं का? जा, पण ‘काहीतरी मिळेल’ म्हणून नको. तसा गेलास तर पंधरा दिवसांत मॉलमध्ये किंवा डिलिव्हरीला लागशील. त्या कामात कमीपणा काही नाही, पण दोन वर्षांनी तू केमिस्ट राहणार नाहीस. नालासोपाऱ्याहून विरार गाठून डहाणू लोकल पकडलीस की बोईसर येतं, आणि बोईसरला तारापूर एमआयडीसी आहे. मामांचं घर त्यासाठी वापर. राहण्याची सोय झाली, हीच मोठी गोष्ट. एक महिन्याची मुदत ठरव, वहीत तारापूरच्या पंधरा कंपन्या लिहून ने, आणि मामींना घरखर्चाला थोडे पैसे देत जा, नाहीतर आठवा दिवस जड जातो.

बोटीवाल्याकडे येतो. आपल्या किनाऱ्यावर हा धंदा जुना आहे आणि तो चालतो, कारण प्रत्येक गावात एकदोन जण खरंच बोटीवर जाऊन बंगला बांधून बसलेत. माझ्या शेजारच्या घरातला मुलगा असाच गेला. तीन लाख भरले, मुंबईत लॉजवर दोन महिने बसवून ठेवलं, मग एक कागद हातात दिला, त्यावर जहाजाचं नाव, शिक्का, सगळं होतं. ते जहाज त्या कंपनीचं नव्हतंच. एजंटचा फोन बंद. पोलिसांत गेले, पैसे आजतागायत आले नाहीत, आणि तो मुलगा अजून कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

नियम साधा आहे. जहाजावर माणसं लावणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या साइटवर आहे, आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला त्या एजन्सीला मनाई आहे. म्हणजे ज्याने अडीच लाख मागितले त्याने स्वतःच सांगून टाकलं की तो कोण आहे. शिवाय कोर्स आणि सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) नसताना बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या जोरावर कुणी बोटीवर चढवत नाही. समुद्रावर जायचंच असेल तर मान्यताप्राप्त संस्थेत जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स असतो, वयाची अट असते, आणि तो निर्णय वेगळा, काजूच्या बागेवर घ्यायचा नाही. आखाताचंही सांगून ठेवतो, कारण बोट नाही म्हटलंस की पुढचा दुबई म्हणेल. एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत आहे का बघ. त्याला कायद्याने तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. व्हिजिट व्हिसावर जा, तिथे वर्क व्हिसा करू असं म्हणाला तर चहा पाजून वाटेला लाव. तुला आलेले ते दोन फोन, रजिस्ट्रेशन फी मागणारे, त्यांना काही भरलं असशील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार कर.

मूळ मार्कलिस्ट कुणालाही ठेवायला देऊ नकोस, कंपनीलाही नाही. दाखवायची आणि परत घ्यायची. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा चिखलाने चिकटलेली सर्टिफिकेटं घेऊन पोरं यायची, पानं वेगळी करताना फाटायची. डिजीलॉकरमध्ये जे मिळतं ते आजच घे, बाकीचं स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर टाक.

रत्नागिरीला गेलास की डोळे तपासून घे, मुख्य म्हणजे रंगांधळेपणाची चाचणी. टायट्रेशनचा फिका गुलाबी ज्याला दिसत नाही त्याला लॅबमध्ये घेता येत नाही, आणि मेडिकलपर्यंत पोचून परत गेलेली दोन मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दोघांनाही तोवर माहीत नव्हतं.

ऑफर आली की पगाराचा आकडा नीट वाच. सीटीसी म्हणजे कंपनीला तुझ्यावर वर्षाला पडणारा एकूण खर्च. ‘सीटीसी २,४०,०००’ म्हणजे हातात महिना वीस हजार नव्हे. समज बेसिक बारा हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,४४० आणि ग्रॅच्युइटीचे ५७७ त्या वीस हजारांतच धरलेले असतात. मग तुझ्या वाट्याचा पीएफ १,४४०, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात सोळा हजार तीनशेच्या आसपास, आणि बोनसही त्यातच धरला असेल तर आणखी खाली. त्यातून खोलीभाडं आणि मेस. हा हिशोब घरी सांगूनच हो म्हण, नाहीतर पहिल्या पगाराला बाबा विचारतील, “बाकीचे कुठे गेले?” कंपनीच्या रोलवर घेतायत की कॉन्ट्रॅक्टरच्या, हे स्पष्ट विचार. कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर असलं तरी पहिली नोकरी म्हणून घे, पण यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, पहिल्याच महिन्यात माग आणि पीएफ खरंच भरला जातोय का ते मोबाइलवर बघत जा.

नवा बायोडाटा झाला की मला पाठव, लाल पेनाने करून परत देतो. आणि गेटवर जाशील तेव्हा पायात चप्पल नको. काही कारखाने चपलेवर आतच सोडत नाहीत. बुटाचा नंबरही माहीत असू दे. जॉइन होतोस त्या दिवशी स्टोअरवाला सेफ्टी शूजसाठी पहिलं तेच विचारतो.